पातेल्याचा कान

पहाटे साडेचारला काकूंचा दिवस सुरू व्हायचा आणि तो रागानेच सुरू व्हायचा. गुडघे कामातून गेलेले. धाकट्या जावेने हात दिल्याशिवाय जमिनीवरच्या अंथरुणातून उठता येत नसे, आणि कुणाचा हात धरावा लागणं काकूंना जन्मात आवडलं नव्हतं.

"उठा, जाऊबाई. पलंग येणार होता ना?"

"पगार झाला की येईल. मग तुझे उपकार नकोत."

"देवच पावला म्हणायचा."

दोघी विधवा. एका खोलीत राहायच्या, एकाच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये राबायच्या. काकू मोरीवर भांडी घासायच्या. जाऊ आणखी एका बाईबरोबर शिजलेलं अन्न शेगडीवरून वाढपाच्या टेबलाकडे न्यायची.

काकू भांड्यांवर कधी चिडल्या नाहीत. चिडायच्या त्या आचाऱ्यावर. तापलेल्या पातेल्यात तो गार पाणी ओतायचा आणि चर्र झालं की खूश व्हायचा. बुडाला फुगवटा येऊन पातेलं डुगडुगायला लागलं, की शेगडीला शिव्या. झारा काठावर आपटायचा. करपलेलं भांडं कोरडंच मोरीत फेकायचा. दोन तांबे पाणी ओतून भिजत घालायला याचा हात मोडत होता. आणि भरलेलं मोठं पातेलं तर एका कानाला धरून फरफटत ओढायचा.

तो कान ढिला झालाय, हे काकूंना घासताना कळलं. बोट लावलं की हलायचा. तो जोडणाऱ्या खिळ्यामागे खरकटं अडकायचं. आचारी त्याच कानाने ओढत असल्यामुळे तो कान बाहेरच्या अंगाला यायचा, आणि बाहेरच्या अंगाला उभी असायची जाऊ. आत उकळता रस्सा, खाली तिची पावलं.

काकूंनी आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही घासा, काकू. शिजवायचं मी बघतो."

मॅनेजरला सांगितलं.

"फडकं गुंडाळून धरायचं."

"फडक्याने खिळा घट्ट होतो होय?"

"तुटलाय का? नाही ना? तुटला की नवीन पातेलं मागवू."

जावेला सांगितलं, तर ती हसली. "माझी काळजी कधीपासून वाटायला लागली?"

"तुझी कसली काळजी. तू पाय भाजून बसलीस तर मला पहाटे उठवणार कोण?"

आठवडा गेला. एका दुपारी रस्सा नेताना कान करकरला. जावेने पातेलं कसंबसं टेबलावर टेकवलं. तिच्या पायावर दोन थेंब उडाले, तिने ते पदराने पुसले आणि पुन्हा कामाला लागली.

पातेलं मोरीवर आलं. काकूंनी ते नीट घासलं, पुसलं, पालथं घातलं. आचाऱ्याच्या ओट्यावरचा बत्ता उचलला आणि कानावर घातला. एकाच घावात कान फरशीवर खणखणला. असल्या कानावर हे लोक रोज उकळतं अन्न उचलायला लावत होते.

तो कान काकूंनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "तुटला. मागवा नवीन."

"तुटला नाही, तुम्ही तोडलात. पगारातून कापून घेईन."

"कापा. पण जाड बुडाचं आणा."

घरी जाऊ तणतणली. "डोकं फिरलंय तुमचं. पलंगाचं काय आता?"

"पलंग कुठे पळून चाललाय? जेव मुकाट्याने."

नवं पातेलं आलं. पहिल्याच दिवशी रस्सा शिजल्यावर आचाऱ्याने ओढायला कानाला हात घातला.

"हात काढ," काकू मोरीवरून म्हणाल्या. "दोघींना उचलू दे. आणि तापलेल्यात गार पाणी घातलंस तर बत्ता अजून इथेच आहे."

"कॅन्टीनचं भांडं आहे, काकू."

"पैसे माझ्या पगारातून कापलेत. मॅनेजरला विचारून ये."

आचाऱ्याने हात काढला. जावेने आणि दुसऱ्या बाईने पातेलं उचललं. कान जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जावेने हात पुढे केला. "उठा, पातेलंवाल्या बाई."

"तोंड आवर," काकू म्हणाल्या आणि हात धरून उठल्या.

पलंगाच्या पैशातून आलेल्या त्या पातेल्याला एकेका कानामागे चार खिळे होते. काकू रोज घासून झाल्यावर ते अंगठ्याने दाबून बघायच्या.