पाळणाघराचा एपिसोड गावात कसा पोचला

"प्रज्ञा, तू मले निवडणुकीत उभी करून राह्यली का वं?"

फोन उचलल्या उचलल्या सुनंदाताईंनी हे विचारलं. आवाजात राग कमी, भीती जास्त होती. मी कारंज्याच्या ऑफिसात पुढच्या एपिसोडचं एडिटिंग करत बसले होते. कानावरचे हेडफोन काढले.

"काय झालं ताई?"

"तू पाठवलेलं पोस्टर म्या गावाच्या ग्रुपवर टाकलं. आता जो तो विचारून राह्यला, वार्ड कोनता, पॅनल कोनतं. उपसरपंच तं घरीच आला. म्हने, लेकरांच्या आडून राजकारन करता काय, ताई?"

मी एका साप्ताहिकासाठी पॉडकास्ट करते. पॉडकास्ट म्हणजे आपल्या सवडीनं मोबाइलवर ऐकायचा रेडिओ, आणि त्यातला एक कार्यक्रम म्हणजे एपिसोड. वाशिम जिल्ह्यात काही धड काम करणारी माणसं बोलवायची आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यायचं, एवढाच आमचा उद्योग. पाहुणा शोधणं, रेकॉर्डिंग, एडिटिंग हे सगळं मीच बघते. तयार एपिसोड लोकांच्या कानापर्यंत नेणं, हेही माझंच काम. तेच सगळ्यात अवघड.

जाहिरात आम्हाला परवडत नाही. त्यामुळे नवा ऐकणारा येतो तो पाहुण्याच्या ओळखीतून. म्हणून एपिसोड निघाला की पाहुण्याला आम्ही 'शेअर किट' पाठवतो. त्यात एक पोस्टर, एक लहान क्लिप, तयार मेसेज आणि लिंक असते. पाहुण्यानं फक्त पुढे ढकलायचं. पण पाहुणे ढकलत नाहीत. वाशिमचे एक डॉक्टर "हो, हो, आजच टाकतो" म्हणाले आणि त्यांच्या स्टेटसवर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळच येत राहिली. जऊळक्याचे एक निवृत्त मास्तर स्पष्ट बोलले, "आपल्याच तोंडानं आपली तारीफ? बाई, मले नाई जमत थे." मला हा सगळा आळस वाटायचा, नाहीतर खोटा संकोच. मग मी जास्तच मागे लागायचे.

सुनंदाताईंच्या तर फारच मागे लागले, कारण तिथे घाई होती.

त्यांचं गाव केनवडच्या पुढे, आडवाटेला. नाव मुद्दाम देत नाही. तिथे ताई पाळणाघर चालवतात. निंदणाच्या दिवसांत बाया उजाडल्यावर शेतात जातात आणि दिवस कलल्यावर परत येतात. अंगणवाडी दुपारीच सुटते. मग तान्ही लेकरं कुठे ठेवायची? आधी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या लिंबाला झोळी बांधायच्या. एका लेकराला तिथेच विंचू चावला. वाचलं बिचारं, पण त्यानंतर ताईंनी ग्रामपंचायतीची बंद पडलेली खोली झाडून घेतली आणि तिथे लेकरं सांभाळायला लागल्या. खोली तोंडी परवानगीवर होती. आता ती व्यायामशाळेला द्यायचं घाटत होतं, आणि निर्णय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हायचा होता. खोली गेली की लेकरं परत धुऱ्यावर.

माझं गणित सरळ होतं. एपिसोड गावानं ऐकला तर पाळणाघर काय आहे हे गावाला कळेल. बायांच्या निंदणावर ज्या गावाचं सोयाबीन उभं राहतं, त्या गावाला बायांच्या लेकरांसाठी एक खोली जड व्हावी, याचा मला संताप होता. व्यायामशाळेला कुणीही विचारलं नव्हतं, की बाई, तुझी गरज काय. पाळणाघराला मात्र रोज उत्तर द्यावं लागत होतं.

त्या संतापातच पोस्टर केलं. मी अक्षरं शिकले ती बाबांनी घरी आणलेल्या मोर्च्यांच्या पत्रकांवर. हाक, ललकार आणि उद्गारचिन्ह यांच्याशिवाय मजकूर असतो, हे मला उशिरा कळलं. पोस्टरवर वर लिहिलं, 'आता माघार नाही!' मधे ताईंचा मोठा फोटो. स्टुडिओत आल्या आल्या त्यांनी नमस्कार केला, तेव्हा काढलेला. म्हणजे हात जोडलेले. खाली, 'गावच्या लेकरांचा बुलंद आवाज, सुनंदाताई!' आणि सगळ्यात खाली, 'जागे व्हा, साथ द्या!'

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती.

ताई फोनवर म्हणाल्या, "अवं, आमच्या गावात फोटो एकतर पुढाऱ्याचा लागते, नाईतर मेलेल्याचा. मी जित्ती दिसून राह्यली, म्हनजे पुढारीच झाली ना मी!"

हसू आलं, पण पुढचं ऐकून गेलं. रेखा नावाच्या एका मजूर बाईचा नवरा गजानन उपसरपंचाचा ट्रॅक्टर चालवतो. त्याला सांगण्यात आलं होतं, की बायकोला म्हणावं, पोरगी तिथे ठेवू नको. रेखानं दुसऱ्या दिवशी पोरगी पाठवली नाही. तिचं पाहून आणखी दोन बाया थांबल्या. खोली अजून गेली नव्हती, पण लेकरं जायला लागली होती.

"पोस्टर म्या काहाडून टाकलं," ताई म्हणाल्या. "आता मी कायीच टाकत नाई. तुहा एपिसोड तुह्यापाशी ठेव."

आमचे संपादक आणि मालक दिलीपभाऊ. त्यांना सांगितलं, तर ते साप्ताहिकाचं पान लावता लावता म्हणाले, "एपिसोड काहाडून टाक. पाहुन्याले तरास नाई झाला पायजे."

"काढला तर आरोप खरा ठरेल, भाऊ. लोक म्हणतील, होतंच काहीतरी."

"मंग काय करतं?"

"जाते."

"तिथं जाऊन भाषन देशीन तू. मले म्हाईत हाय तुहं."

"नाही देत."

"लेहून दे," ते म्हणाले आणि हसले. पण जाऊ दिलं. एकच अट घातली, की ताई म्हणतील तसंच करायचं. ही अट मला पटली. पाहुण्याचं तोंड पाहुण्याचं असतं. ते आपल्या तत्त्वासाठी वापरायचा हक्क आपल्याला नाही.

एसटी बदलत केनवडला उतरले. तिथून ऑटोनं गाव गाठलं. खोलीत ताई एका पोराला मांडीवर आणि एकाला पायावर घेऊन बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आली का माही प्रचारप्रमुख!"

दिवस कलला तशा बाया आल्या. पाय चिखलानं भरलेले. लेकरू उचलायचं, मुका घ्यायचा आणि निघायचं, अशी त्यांची लगबग. मी वाट अडवून एकच विचारलं, "ताईंचा एपिसोड कुणी ऐकला का?"

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"पोस्टर पाह्यलं," एक म्हणाली.

"एपिसोड?"

"थे निळं-निळं दाबा लागते थे? थ्याच्यात कायतरी उघडते, मंग अजून कायतरी उघडते. कोन दाबत बसते, बाप्पा."

म्हणजे भांडण पेटलं होतं पोस्टरवर. आतला एपिसोड गावात एकाही माणसानं ऐकला नव्हता. ताईंनी ज्याच्यासाठी कारंज्यापर्यंत प्रवास केला, ते त्यांचं बोलणं कुठल्याच कानात गेलं नव्हतं. मी भरपूर आवाज केला होता आणि सांगितलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात रेखा आली. पोरगी तिच्या काखेत होती. शेतावर उन्हात राहून पोरीच्या गालावर घामोळं उठलं होतं. रेखा पोरगी ठेवायला आली नव्हती. मागे राहिलेलं पोरीचं झबलं न्यायला आली होती, आणि ताईंकडे बघतही नव्हती.

मला एपिसोडमधला एक तुकडा आठवला. मी हळूच ताईंना विचारलं, "रेखाचं नाव आलंय तो भाग तिला ऐकवू का?" ताईंनी मान डोलावली. मी मोबाइलवर तो भाग काढला आणि रेखाच्या कानापाशी धरला. ताईंचा आवाज आला:

"रेखाची पोरगी आली तवा कोनाच्याच हातचं खात नोती. मले वाटे, बिमार हाय. मंग ध्यानात आलं, तिले कोनी भरवलेलं नाई पायजे. ताट पुढं ठेवाचं अन् आपन तोंड फिरवून बसाचं. मंग सारं साफ! मानी हाय पोरगी. मोठी झाली का कोनाच्या बापाचं आयकनार नाई."

रेखा ऐकत राहिली. मग ताईंना म्हणाली, "म्हून घरी खात नाई ही. मी तं बोटानं भरवतो तिले."

"तोंड फिरवून पाह्य आज."

"अन् हे तुमी तिथं, कारंज्याले जाऊन सांगतलं? हिच्याबद्दल?"

"मंग काय माह्याबद्दल सांगू? माह्यात काय हाय सांगासारखं?"

रेखानं झबलं पिशवीत घातलं. मग मला म्हणाली, "हे मले टाका. लिंक नोको. असंच, आवाज टाका."

मग बाकीच्या बाया सरकल्या. "माह्या पोराचं हाय का त्याच्यात?" "माह्या लेकीचं?" एपिसोडमध्ये ताई स्वतःबद्दल जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. कोणतं लेकरू कसं झोपतं, कोण दुसऱ्याची बाटली पळवतं, कोण आई आल्यावरच रडतं, हेच सांगत होत्या. एडिटिंग करताना हे सगळं मी ऐकलं होतं आणि पोस्टरवर मात्र बुलंद आवाज लिहिला होता.

त्याच खोलीत बसून लॅपटॉपवर मी एपिसोडचे तुकडे कापले. प्रत्येक आईला विचारून, तिच्या लेकराचा तुकडा वेगळा. ते मी कुणालाच पाठवले नाहीत, ताईंनाच दिले. त्यांनी आपल्या फोनवरून एकेकीला एकेक पाठवला.

"हे जमते बा मले," त्या म्हणाल्या. "आपली आरती नाई, तिच्या लेकराचं कवतिक हाय."

पुढचं मला नंतर कळत गेलं. रेखानं तो आवाज जऊळक्याला माहेरी पाठवला. एका आजीनं तिच्या नातवाचा तुकडा भजनाला बसलेल्या बायांना ऐकवला. दुसरीनं आपल्या नवऱ्याला. ज्याला तुकडा आवडला तो विचारायला लागला, पुढचं कुठे आहे? मग ताईंनी अख्खा एपिसोड पाठवला, लिंक नाही, फाइलच. तेव्हा तो ऐकला गेला.

आणि मग गजाननानं रेखाच्या पोरीचा तुकडा गावाच्या ग्रुपवर टाकला. उपसरपंचाच्या ट्रॅक्टरवर बसणारा माणूस. वर दोनच शब्द लिहिले होते: 'माही पोरगी.' खाली कुणी वार्ड विचारला नाही.

पंधरा ऑगस्टला मीही गेले. माइक माझ्याकडे नव्हता आणि मागितलाही नाही. एरवी झेंडावंदन झालं की बाया शेताला लागतात आणि ग्रामसभा पुरुषांची होते. त्या दिवशी बाया थांबल्या. लेकरं काखेत घेऊन पुढेच बसल्या. खोलीचा विषय निघाला, तेव्हा उपसरपंच हसत म्हणाला, "पयले ताईनं सांगावं, इलेक्शनले उभं राहाचं हाय का नाई?"

ताई उठल्या. "भाऊ, ही इतकी लेकरं सांभाळतानी माहा जीव जाते. तुमाले कायले सांभाळू?"

सगळी सभा हसली. उपसरपंचही हसला, त्याला हसावंच लागलं. मग गजानन मागून उठला. हात खिशातच होते. म्हणाला, "पोरगी पाळनाघरात असली का मी ट्रॅक्टर सीदा चालवतो. धुऱ्यावर असली का लक्ष तिच्यातच राह्यते." एवढंच बोलून बसला. त्याचं काम गेलं नाही. पुढच्या आठवड्यात तो त्याच ट्रॅक्टरवर दिसला, हे ताईंनीच सांगितलं.

सरपंचांनी तोडगा काढला. दिवसा खोली लेकरांची, संध्याकाळी व्यायामशाळा. डंबेल्स कुलूपबंद पेटीत राहतील, कारण लेकरं कशालाही हात घालतात. यावेळी परवानगी तोंडी राहिली नाही, ठराव झाला. हा पूर्ण विजय आहे असं मी म्हणत नाही. दिवसभराच्या पाळणाघराला पूर्ण खोली मिळायला हवी, ताईंना सरकारी पगार मिळायला हवा, आणि तो मिळेपर्यंत मी हे लिहीत राहणार आहे. पण तोवर लेकरांच्या डोक्यावर छप्पर आहे.

कारंज्याला परतल्यावर दिलीपभाऊंनी विचारलं, "भाषन देल्लं का?"

"नाही."

"मंग झालं कसं?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हनजे पाहुन्याले आपन चुकीचं काम सांगत होतो."

ते खरं होतं. लग्नपत्रिका देताना आपण पाकिटावर समोरच्याचं नाव लिहितो, स्वतःचा फोटो चिकटवत नाही. आमच्या भागातल्या माणसाला निमंत्रण देता येतं, ते तो घरोघरी जाऊन देतो. स्वतःचा प्रचार करायला सांगितलं की तो संकोचतो, आणि संकोचला नाही तर त्याला तिकीट हवं असतं.

आता आम्ही पोस्टर करत नाही. रेकॉर्डिंग संपलं की माइक बंद करायच्या आधी मी पाहुण्याला विचारते, तुमच्या बोलण्यात कोणाकोणाचा उल्लेख आला, आणि त्यांना तो भाग तुम्ही स्वतः पाठवाल का? वाशिमच्या त्या डॉक्टरांनाही जुन्या एपिसोडमधला एक तुकडा पाठवून पाहिला, त्यांच्या कंपाउंडरबद्दलचा. त्यांनी तो लगेच पुढे पाठवला. कंपाउंडरच्या नातेवाइकांनी तो इतका फिरवला, की शेवटी डॉक्टरांचाच मला फोन आला, "अहो, उरलेला एपिसोड कुठे मिळेल? आमच्या घरी कुणीच ऐकलेला नाही."