रोज ट्रिप होणारा एसी

"पवार, तुमचा एसी परत झोपला."

गोडबोले मॅडमचा फोन. बुधवार, दुपारचे चार. सोमवारपासूनचा तिसरा. मॅडम आमच्या क्लायंटच्या मॅनेजर. त्यांच्या मालकांची सीबीडी बेलापूरमध्ये तीन ऑफिसं आहेत, आणि तिथले सगळे एसी बरीच वर्षं मी आणि माझी सहा माणसं सांभाळतो. मालकांची खाडीतल्या जेट्टीवर एक मोटर यॉट असते. तिचा जुना एसी म्हातारा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "पवार, जमेल का?" मी बोटीवर तोवर पायसुद्धा ठेवला नव्हता. म्हटलं, एसी तो एसी, भिंतीवर असो की पाण्यावर. महिन्याभरापूर्वी नवा प्लांट बसवून दिला आणि कॉलर ताठ करून घरी आलो.

बोटीचा एसी थोडा वेगळा असतो. घरचा एसी खोलीतली गरमी बाहेरच्या हवेत टाकतो. बोटीवर ती समुद्राच्या पाण्यात टाकतात. बोटीच्या पाण्याखालच्या भागात भोक असतं, त्यावर आतून व्हॉल्व्ह. पंप तिथून पाणी ओढतो, ते पाणी मशिनमधल्या तापलेल्या गॅसला गार करतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. पाणी कमी आलं की गॅसचं प्रेशर चढतं आणि मशिन जळायच्या आत स्वतःच बंद होतं. याला आम्ही 'एचपी ट्रिप' म्हणतो.

सोमवारी बोट वापरात आली, एसी दिवसभर चालू लागला, आणि तेव्हापासून माझं मशिन रोज ट्रिप होत होतं. सोमवारी दुपारी अडीचला, मंगळवारी सव्वातीनला, बुधवारी चारला. ते झालं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जायचो, तेव्हा मशिन गुणी बाळासारखं चालायचं. मी प्रेशर स्विच बदलला, बोर्ड बदलला. पाण्याची गाळणी उघडली, तर ती धुतल्यासारखी स्वच्छ. शेवटी बोट चालवणारे तांडेल काशिनाथदादा यांच्यावर घसरलो. दादा साठीचे, इथल्याच कोळीवाड्यातले.

"दादा, तुम्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडता ना?"

"उगरतो ना सायब." एवढंच बोलून ते दोरखंड आवरायला निघून गेले. आपलं अडलं की माणूस दुसऱ्याचा दोष शोधतो, तसा मी शोधत होतो.

बुधवारच्या त्या फोनवर मॅडमचा आवाज शांत होता. त्या शांत झाल्या की मला जास्त टेन्शन येतं.

"शनिवारी पौर्णिमा आहे. साहेबांच्या वडिलांचा ऐंशीवा वाढदिवस आम्ही बोटीवर करतोय. संध्याकाळी सहाला. त्यांना उकाडा अजिबात सहन होत नाही. त्या दिवशी हे बंद पडलं, तर सोमवारी तुमचा प्लांट खाली उतरेल आणि तिन्ही ऑफिसंसुद्धा दुसऱ्याला जातील. मी थांबवू शकणार नाही."

ऑफिसं गेली की माझी सहाही माणसं घरी बसणार. त्या रात्री मी धड जेवलो नाही.

गुरुवारी बाकी सगळी कामं सोडली आणि दुपारी जेट्टीवर जाऊन बसलो. मशिनला प्रेशर मोजायचं गेज लावलं, वही उघडली. काशिनाथदादा चहा घेऊन आले आणि वहीत डोकावले.

"आज पाचला धा कमी असताना बंद पडनार," ते म्हणाले.

"कशावरून?"

"यो तुमी लिवलेला टाइम मशिनचा नाय. यो पान्याचा हाय. सुकतीचा."

सुकती म्हणजे ओहोटीचं अगदी खालचं पाणी. दादा पुढे म्हणाले, "सुकती रोज पाऊन तास पुढं जाते. तुमचा मशिनपन पाऊन तास पुढं जातोय. तुमी येता सकाली अकराला. तवा भरती आसते."

मी वहीकडे बघितलं. अडीच, सव्वातीन, चार. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. पाचला दहा कमी असताना गेजचा काटा सरसर चढला आणि मशिन बंद पडलं.

"पण जुना एसी कधीच बंद पडला नाही ना?"

"त्यो बाजूनं पानी घ्यायचा. तुमी पार तलातनं घेतला. सुकतीला खाली दीड हात पानी, मंग चिखल. तुमचा पंप चिखलाची पेज पितोय." तो चिखल इतका बारीक, की गाळणीत सापडायचा नाही. भरती आली की धुऊन जायचा.

बाजूचा जुना व्हॉल्व्ह गंजून घट्ट झाला होता, म्हणून मी तो सोडून दिला होता. तळाचा एक जादा व्हॉल्व्ह पंपाच्या बरोबर खाली होता. पाइप आखूड, एकही बेंड नाही. ऑफिसात असंच काम चांगलं समजतात. त्या सरळ पाइपचा फोटोसुद्धा मी चारजणांना पाठवला होता.

"शनिवारी पुनव," दादा म्हणाले. "उधानाची सुकती. साडेसहाला पानी सगल्यात खाली. बोट बाहेर काढाया जाल तं रुतल."

मी मॅडमना फोन लावला. "चूक सापडली."

"कोणाची?"

"माझी. उद्या दुरुस्त करतो."

म्हटलं खरं, पण पाणी परत बाजूने घ्यायला तिथला गंजलेला व्हॉल्व्ह बदलायचा, म्हणजे पाण्याखालचं भोक उघडं करायचं. बोट क्रेनने वर घ्यायला आठ दिवसांचं वेटिंग. दादांनी उपाय सांगितला. आंब्याच्या लाकडाचं निमुळतं बूच तासायचं, त्याला सुती कापड गुंडाळायचं आणि बाहेरून भोकात ठोकायचं. लाकूड फुगतं आणि पाणी थांबतं. त्यांच्या गावात होड्यांना असंच करतात.

शुक्रवारी पावणेबाराला भरती पूर्ण झाली. पाणी ना आत ना बाहेर, थोडा वेळ थांबतं, कामाला तेवढाच वेळ. दादा कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरले. खाडीच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून मी आतून व्हॉल्व्हवर स्पॅनरने ठोकत राहिलो आणि ते आवाजावरून भोक शोधत आले. बाहेरून धप्प धप्प असे चार ठोके ऐकू आले. मग वर येऊन म्हणाले, "काढा आता."

मी व्हॉल्व्ह पिळला. दोनदा स्पॅनर सटकला. तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह करकरत निघाला, आणि भोकातून फक्त थेंब थेंब पाणी आलं. इतका आनंद मला पहिली गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. नवा व्हॉल्व्ह वीस मिनिटांत बसला. दादांनी बूच काढलं. माझा सरळ पाइप मी स्वतःच्या हाताने कापला आणि तीन बेंडचा लांबलचक नवा टाकला. दिसायला अगदी गचाळ. त्या दिवशीची सुकती आली आणि गेली, मशिन चालूच राहिलं. पण खरी परीक्षा पुनवेची होती.

शनिवारी साडेसहाला वर पाहुण्यांची गर्दी होती आणि मी खाली मशिनरूममध्ये गेजसमोर उकिडवा बसलो होतो. जेट्टीचे खांब बुडापर्यंत उघडे पडले होते. सात वाजले, साडेसात वाजले. काटा जागचा हलला नाही.

पावणेआठला मॅडम खाली आल्या. मी उठून उभा राहिलो.

"पवार, आजोबांनी शाल मागितली आहे. थंडी वाजते म्हणतात. जरा कमी करता का?"

बावीस वर्षांच्या धंद्यात गारठ्याची तक्रार इतकी गोड कधीच लागली नव्हती. मी दोन डिग्री वाढवल्या, मुद्दाम सावकाश. तिन्ही ऑफिसं आजही माझ्याकडेच आहेत.

त्यानंतर आणखी चार बोटींचं काम मिळालं. प्रत्येक बोटीवर टूलबॉक्स उघडायच्या आधी मी तांडेलाला शोधतो आणि पाणी कुठून घेऊ ते विचारतो. सरळ पाइप दिसायला छान असतो, पण पाण्याने आपलं ड्रॉइंग वाचलेलं नसतं.