लाइट न गेलेली संध्याकाळ

बोलण्याआधी तो समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी धरून आपल्याकडे वळवायचा. "भाऊ, आयकायचं न्हाय, बघायचं."

पॉवरलूम दुरुस्त करणारा जॉबर तो. कारखान्याच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. असे जॉबर तुम्हीही आमच्या धामणकर नाक्यावर पाहिले असतील. पण याला रद्दीत एक इंग्रजी विनोदी खूनकथा सापडली होती. बंगल्यातला लॉर्ड इतका छळवादी, की तो मेल्यावर सहा जण खून आपणच केला म्हणून भांडतात. मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी उशाशी ठेवून, दोन वर्षांत त्याने तिचं मराठी नाटक केलं. अकरा पात्रं, त्याच्यासकट चार नट, नऊ टोप्या; टोपी बदलली की पात्र बदललं. प्रॉम्प्टर मी.

गणपती मंडळाने बजावलं होतं, पब्लिक उठून गेलं तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा. तालमीत तो नटांना तोंड मोठं उघडायला लावायचा. मी म्हणालो, नाटक आहे, दातांची तपासणी नाही. तो हसला, ऐकलं नाही.

प्रयोगाची वेळ ठरवली मी. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली: रोज सहा ते नऊ लाइट जाते. म्हणजे लूम बंद, शांतता. दिवे आणि माइक जनरेटरवर. नेमकी त्या दिवशी लाइट गेली नाही.

मांडवाच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतले लूम धडधडत राहिले, त्यात माइक बुडाला. विंगेतून मी मोजलं, पुढच्या चौदा खुर्च्या रिकाम्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी," मी पुटपुटलो. एवढ्या आवाजात त्याने ते ओठांवरून वाचलं. त्याचेही ओठ हलले: "तुझीच हाय. बघ आता."

टोपी मागे सारून तो लोकांकडे वळला आणि सावकाश बोलू लागला. हशा मागून उठला. मागे उभ्या असलेल्या कारागिरांना शब्द न् शब्द कळत होता. ते पुढच्यांच्या कानाशी वाकून सांगू लागले. रांगेमागून रांग हसली. माणसं परत येऊन बसली. शेवटी नोकराची टोपी काढून तो म्हणाला, "खून मीच केला," आणि अख्खा मांडव उसळला. एक शब्दही कानावर न पडता मी ते नाटक पाहिलं. तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

ऑर्केस्ट्रा आला नाही. पुढे चार वर्षं नाटकच झालं, मुद्दाम लूम चालू असताना. मग तो अकलोलीला गावी गेला आणि तिथेच वारला.

परवा नाक्यावर रस्त्यापलीकडून एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओळखलं. मध्ये ट्रक, रिक्षा, हॉर्न. त्याने नुसते ओठ हलवले.

मला वाचता आलं. खून मीच केला.