दोन गावांच्या मधे

धर्मराज तिडके हवालदार होऊन फौजेतून परतला. त्याची शेवटची मोठी नेमणूक दक्षिण सुदानात होती, शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून. तो गावी आला त्याच्या पुढच्याच सालात धारूरच्या डोंगरपट्ट्यात चाऱ्याची काडी उरली नाही. दूध सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांनी माळावर जनावरांची छावणी उघडली. वरच्या गावाची आणि खालच्या गावाची गुरं एकाच माळावर, आणि पाणी सकाळी हौद भरणाऱ्या एकाच टँकरचं. पहिल्याच आठवड्यात पाण्यावरून डोकी फुटली.

भगवानरावांनी धर्मराजला बोलावून घेतलं. "तू तर जगातली भांडणं मिटवून आलास. छावणीवर उभा ऱ्हा."

"मी मिटवली न्हाईत," धर्मराज म्हणाला. "मी नुसता मधी उभा होतो."

भगवानराव हसले. त्यांना तो विनय वाटला.

विनय कसला! तिकडं शांतिसेनेच्या तळाच्या तारेआड जीव वाचवायला आलेली माणसं दाटीवाटीनं राहत होती. दूरच्या शहरात पुढारी तहावर सह्या करायचे, रेडिओवर टाळ्या ऐकू यायच्या, आणि त्या विरतात न विरतात तोच पुन्हा बंदुका वाजायच्या. एका बाईनं फाटकाशी येऊन दुभाष्याकरवी त्याला विचारलं होतं, "सह्या करणाऱ्यांनी गोळ्या झाडणाऱ्यांना सांगितलंय का?"

म्हणून छावणीवर त्यानं आधी गुरं राखणाऱ्यांनाच गाठलं. खालच्या गावची मुक्ताबाई तोंडाची फटकळ, पण तिचा शब्द तिच्या गावात चालायचा. वरच्या, म्हणजे स्वतःच्या गावाकडून त्यानं चुलतभाऊ आसारामला बसवलं. घासाघीस झाली, शिव्या झाल्या, आणि शेवटी ठरलं: हौदावर एक जनावर वरचं, एक खालचं. चार दिवस काठी उगारली गेली नाही. मुक्ताबाई आसारामच्या कालवडीला हाकून पुढं घ्यायला लागली.

तेवढ्यात धारूरला बैठक झाली. भगवानराव आणि खालच्या गावचे पुढारी मोहनराव यांनी कागदावर सह्या केल्या. सकाळ वरच्या गावाची, संध्याकाळ खालच्याची. फोटो निघाला, पेपरात आला. छावणीवरच्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत हौदात चिखल उरायचा.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं सकाळीच गाय हौदावर आणली. "पाळी न्हाई तुझी," म्हणत आसाराम आडवा झाला. मागून खालच्या गावची पोरं धावली. धर्मराज मधे घुसला आणि आसारामची काठी धर्मराजच्याच मनगटावर बसली. हाड मोडलं.

प्लॅस्टर घालून तो थेट चेअरमनच्या बैठकीत गेला.

"सही करताना मुक्ताबाईला काहून बोलावलं न्हाई?"

"तिचा काय संबंध? मोहनराव होते की."

"मोहनरावांचं एक तरी जनावर छावणीत हाय का? तुमचं हाय का?"

भगवानरावांचा चेहरा उतरला, मग तापला. "लई शहाणपणा करू नको. तिकडं तरी काय थांबवलंस रं तू?"

'जिथं आम्ही उभे होतो तिथली माणसं वाचली,' असं धर्मराजला म्हणायचं होतं. पण तारेबाहेर मेलेली आठवली. तो तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी दोन गावांची गुरं वेगळी करायला छावणीच्या मधोमध दोरी बांधली गेली. पाळी कागदाप्रमाणेच राहिली. मुक्ताबाईनं गुरं टेम्पोत चढवली आणि नांदूरघाटला, माहेरी निघाली. धर्मराज आडवा आला.

"थोडं थांबा बाई. मी परत बोलतो."

"भाऊ, तुमी उभे ऱ्हायलात, मार खाल्लात. पर माजी गाय न्हाई प्याली."

टेम्पो गेला. पाठोपाठ खालच्या गावची अर्धी गुरं हलली. भांडण थांबलं, कारण भांडायला समोर फारसं कुणी उरलंच नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत शांतता राखल्याबद्दल भगवानराव आणि मोहनरावांना शाल-नारळ दिले. धर्मराज मागच्या रांगेतून उठला.

"खालच्या गावची गुरं कुठं गेली, ते बी सांगा."

"पुढचा विषय," सूत्रसंचालक म्हणाला. आसारामनं धर्मराजचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.