मुरबाडच्या जांभळाचं ऑपरेशन

परीक्षा संपली आणि माझ्या मुलीनं, मुक्तानं, जाहीर केलं, "मला झाडावर चढायचंय." आमच्या कल्याणच्या सोसायटीत ते नियमात बसत नाही. म्हणून माझी मैत्रीण वैशाली हिच्या माहेरी, मुरबाडच्या पुढच्या गावाला निघालो.

कल्याणहून एसटी, मुरबाडहून जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ड्रायव्हरच्या मते ती कधीच भरत नाही. मुलं बरोबर असतील तर स्टँडवरचे गरम वडे बांधून घ्या.

पोहोचलो तर अंगणातल्या जांभळाभोवती दोरी. वैशालीची भाची सोनाली आडवी आली. "चपला काढा. पेशंट हाय आत."

जांभळाला वाळवी लागली होती. पोरांनी खोडावरची माती खरवडून गेरू-चुना फासला होता, बुंध्याशी कडुलिंबाचा पाला पसरला होता आणि भोक पाडलेल्या बाटलीतून सलाईन चालू होतं. साध्या पाण्याचं. आम्ही नेलेलं कलिंगड "पेशंटला पथ्य हाय" म्हणून स्टाफनंच संपवलं.

"मी चढू?" मुक्तानं विचारलं.

"आजारी मान्सावर चढतात का गो?" असं म्हणून डॉक्टर सोनालीनं तिला नर्स करून टाकलं.

संध्याकाळी तांदळाची भाकरी वाढताना वैशालीची आई हळूच म्हणाली, "फांदी गोठ्यावर पडली, गाय थोडक्यात वाचली. ह्यांनी झाड तोडायला मानूस सांगितलाय. सकाळी येल." मुक्ताचा घास हातातच राहिला.

सकाळी करवतवाला आला. सोनालीनं त्याला दोरीशी अडवलं. "कोन तुमी?"

तो बिचारा गोंधळला. "मी... कापनारा."

"म्हंजे सर्जन. हात धुवा."

त्यानं खरंच धुतले. तेवढ्यात वैशालीचे वडील, दादा, तणतणत आले.

"पेशंट तुमचा कोन लागतो?" सोनालीनं त्यांनाही सोडलं नाही.

दादा जांभळाकडे बघत राहिले. मग ओशाळून म्हणाले, "लहानपनी मी इथं बी थुकलो होतो."

"म्हंजे बाप."

करवतवाल्यानं विचारलं, "दादा, मंग कापू ना?"

"मला काय इचारतोस? डाक्टरला इचार!"

ठरलं. फक्त गोठ्यावर झुकलेली दुसरी वाळकी फांदी कापायची. पेशंटला कळू नये म्हणून पोरं मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती. मुक्तानं एक डहाळी हातात घट्ट धरली होती. आणि दादा, मी डोळ्यांनी पाहिलं, खोड थोपटत होते.

परत आलो ते एकही घाट, एकही किल्ला न बघता. फोटोंत तर नुसतं खोड. सहल फुकट गेली की काय, असं क्षणभर वाटलं. दुसऱ्या दिवशी मुक्तानं सोसायटीच्या सेक्रेटरींची बेल वाजवली. "काका, खाली एकाच्या गळ्यात तार रुतलीये!"

ते पक्कड घेऊन धावतच उतरले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. खाली गुलमोहराला दिव्यांच्या माळेची जुनी तार आवळली होती. काका चिडले. पण आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी ती कापली आणि बोलायला तोंड उघडलं.

"श्श," मुक्ता म्हणाली, "त्याला आत्ताच झोप लागलीये."

काका चवड्यांवर जिना चढून गेले. त्यांच्या मागून मीही.