तात्या नसलेला फोन

बावड्याच्या स्टँडवर हौसानं भाकरीचं गठुडं माझ्या मांडीवर टाकलं आणि एस्टीची खिडकी धरून म्हणाली, "जावा. मी करीन फोन." बायकोचा निरोप एवढाच. मी बारामतीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून चाललो होतो. ती म्हशीपायी मागं राहिली. घरात तिसरं कुणी न्हाय.

शेजारच्या दूध डेअरीत फोन होता. तिथली झाडलोट हौसाकडं, म्हणून किल्लीपण तिच्याकडंच. तिला आकडा ओळखू यायचा न्हाय, पण तवा गरजही नव्हती. फोन उचलला की गावच्या एक्स्चेंजवर लाइन जोडून देणारे तात्या बोलायचे.

"तात्या, आमच्या मालकांना द्या की."

"काय वहिनी, सकाळीच झापायचंय व्हय?"

मग तात्या इंदापूरला सांगणार, इंदापूर बारामतीला, आणि माझ्या गेटवर घंटी वाजणार. ती आधी म्हशीचं सांगायची, मग माझं विचारायची.

नव्वदच्या पुढं कधीतरी नवं डिजिटल एक्स्चेंज आलं. तात्यांची बदली झाली. आता आकडे दाबायचे, थेट लागतं. मी गेटचा नंबर मोठा मोठा करून कागदावर लिहिला. चौथी शिकलोय, तेवढं येतं. गावी जाऊन हौसाला शिकवायचं होतं. पहिल्या सुट्टीला डबल ड्युटी केली. दुसऱ्या सुट्टीला खोलीवर झोपलो. खोटं कशाला लिहू? झोपलो.

त्याच आठवड्यात दुपारी तिच्या छातीत कळ आली. शेजारची कमल डेअरीवरनं जात होती. मागनं मला म्हणाली, "फोन कानाला होता, भावजी. 'तात्या, वं तात्या, बिगी द्या' म्हणत होती. मला वाटलं, लागतोय फोन तुमास्नी. म्हून थांबले न्हाय."

फोनात नुसती कुईं वाजत असणार. हौसा त्या कुईंलाच तात्या म्हणत राहिली. संध्याकाळी दूध घालायला माणसं आली, तवा ती फोनाखाली पडलेली. अंग गार झालेलं.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले म्हणतात, आता गाव बटणावर आलं. आलं असल. डेअरीचा नंबर मला पाठ हाय. कधी कधी लावतो. पलीकडनं विचारतात, "कोण पाहिजे?" मागं दुधाचे कॅन आपटत असतात. माझं घर आता तेवढंच. ते थोडा वेळ ऐकतो आणि फोन ठेवतो.