डेस्पिनाचं एक अख्खं गाणं

रविवारी सकाळी मी चादरींच्या घड्या घालत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची डेस्पिना. बगलेत छोटा स्पीकर, पायात लोकरीचे मोजे.

"वसुधा, तुझ्या स्वयंपाकघरात फरशी आहे. माझ्या घरभर गालिचा. वीस मिनिटं दे."

डेस्पिना छप्पन्न वर्षांची. आमच्या प्रेस्टन उपनगरातल्या एका बेकरीत पहाटेपासून पाव भाजते. मार्चमध्ये तिचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नाचाचं तिने विचारलंच नाही.

तरुणपणी शनिवार आला की ती शहरातल्या क्लबात शफल नावाचा नाच करायला जायची. एक गुडघा वर, दुसरा पाय मागे घसरतो. माणूस जीव तोडून धावतोय असं वाटतं आणि असतो तिथल्या तिथेच. सगळी मदार घसरण्यावर. म्हणून ही मंडळी खिशात टाल्कम पावडरचा डबा ठेवायची आणि जमिनीवर शिंपडायची. तो क्लब आता पाडणार होते. त्याच दुपारी तिथे जुन्या लोकांचा शेवटचा नाच होता.

"एक अख्खं गाणं, मध्ये न थांबता," माझ्या ओट्याला धरून पाय सरकवत ती म्हणाली. "नवा गुडघा काय फक्त दवाखान्यात चालत जायला घातलाय?"

दुपारी ट्रॅमने आम्ही तिघी गेलो. तिची लेक फ्रोसोही होती. तिने आईला नवेकोरे बूट भेट दिले होते आणि जुने झिजलेले, लाज वाटते म्हणून कचऱ्यात टाकले होते. प्रेमापोटीच. पण शफल करणाऱ्याला नवे बूट देणं म्हणजे पायाला गोंद लावणं.

डेस्पिना रिंगणात शिरली. पहिल्याच ठेक्याला रबरी तळवा जमिनीला चिकटला, आणि ती अडखळून माझ्या खांद्यावर आली. दारावरच पावडरचे डबे काढून घेतले होते. कोणी घसरून पडायला नको, म्हणे.

"बस गं आई, पुरे. जमत नाहीये ना," फ्रोसो म्हणाली.

"मला जमतंय. तुझ्या बुटांना जमत नाहीये."

तिची नजर माझ्या पायांकडे गेली. चार वर्षं रोज फिरून माझ्या बुटांचे तळवे आरशासारखे गुळगुळीत झाले होते.

"किती नंबर?"

"सात."

"काढ!"

मी बूट काढून तिला दिले आणि मोज्यांवर उभी राहिले. नवं गाणं सुरू झालं, छाती धडधडवणारं. डेस्पिनाने आधी नुसती टाच आपटून पाहिली. मग गुडघा उचलला, तो बदललेलाच, आणि पाय असा मागे सरकला की जणू खालून कुणी जमीनच ओढून घेतली. ठेका वाढला, तसा तिच्या पायांचा वेगही वाढला. टक्कल पडलेला एकजण ओरडला, "अरे, ही तर बेकरीवाली डेस्पी!" लोक मागे सरून तिला जागा देऊ लागले. फ्रोसो तोंडावर हात ठेवून बघत होती. मधे ठेका थांबून फक्त सूर उरला, तेव्हाही डेस्पिना थांबली नाही. हवेत हात फिरवत जागच्या जागी झुलत राहिली आणि ठेका परतताच पुन्हा सुटली.

गाणं संपलं. घामाने चिंब, लालबुंद चेहऱ्याने ती आमच्याकडे आली. फ्रोसोने खुर्ची पुढे केली. डेस्पिनाने ती पायानेच बाजूला सारली आणि मला म्हणाली,

"वसुधा, अजून एका गाण्यापुरती अशीच मोज्यांवर थांबशील?"